पोरगं बापावर गेलं

(जिल्हा मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात महिला आघाडीच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



सकाळच्या सत्रात कापसाचा भाव झाला, पीकविमा झाला. आता जेवणाआधीचं सत्र माझ्याकडं आलंय. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'युवक आणि कौटुंबिक संस्कार' असं छापलंय. नाव सोज्वळ आहे. मी ते आपल्या बोलीत सांगते. आपली पोरं आवडत्या पोरीवर, लग्नाच्या बायकोवर हात उगारतात. तो हात उगारायला ती कुठं शिकतात, एवढाच विषय आहे.

मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, हा बायकांच्या मेळाव्याचा विषय, इथं कशाला? नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात ९ आणि १० तारखेला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, तेव्हाही असं म्हणणारे होतेच. शेतकऱ्याला बाजार लुटतो हे खरं, पण त्या लुटल्या गेलेल्या शेतकऱ्याच्या घरात त्याच्याही खाली कुणीतरी आहे, हा चांदवडच्या चर्चेचा गाभा होता. आणि मला तर हा विषय पुरुषांसमोरच मांडायचा आहे. मार खाणाऱ्या बाईला मार म्हणजे काय हे भाषण करून सांगावं लागत नाही.

हे सारं पुण्या-मुंबईकडचं आहे, अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देत बसलेल्या एका पोरीला परीक्षेच्या वर्गात शिरून जाळलं. तिनं त्या पोराला नकार दिला होता. तेव्हा आपण पेपर वाचून म्हणालो, शहर बिघडलं. त्यानंतर तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० ला, हिंगणघाटला काय झालं? हिंगणघाट म्हणजे काही परदेश नाही, आपल्यासारखीच कापसाची पेठ आहे. सकाळी कॉलेजात शिकवायला निघालेल्या २५ वर्षांच्या प्राध्यापिकेवर भर चौकात पेट्रोल टाकून तिला पेटवलं. आठवडाभर झुंजून १० फेब्रुवारीला ती गेली. पेटवणारा तिच्याच गावचा, लग्न झालेला माणूस. २०२२ मध्ये बरोबर १० फेब्रुवारीलाच न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. आणि आपल्या परभणीत, गंगाखेड नाक्याच्या भागात, २६ डिसेंबर २०२४ ला तिसरी मुलगी झाल्याच्या रागातून नवऱ्यानं बायकोला पेटवल्याचा गुन्हा नोंदला गेला. ती जळत्या अंगानं रस्त्यावर आली आणि वाचली नाही. पेपर तुम्हीही वाचता, मी जास्त सांगत नाही.

अशी बातमी आली की पारावर दोन वाक्यं ऐकू येतात. एक, 'पोरगं तसं चांगलं होतं हो, डोकं फिरलं.' दुसरं, 'तिनंही काहीतरी केलं असेल.' दुसऱ्या वाक्याला मी उत्तर देत नाही, ते उत्तराच्या लायकीचं नाही. पहिल्यावर मात्र बोलायला पाहिजे, कारण ते बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटतं की पोरगं चांगलं होतं. शेतात राबत होतं, म्हाताऱ्या माणसाला पाण्याचा तांब्या देत होतं, सप्त्यात टाळ धरत होतं.

पण डोकं एका दिवसात फिरत नाही. पेट्रोलच्या बाटलीपर्यंत जाणारे फार थोडे. त्यांच्यामागं रांग लागलीय ती चापट मारणाऱ्यांची, दंड पिरगळणाऱ्यांची, फोन हिसकावून आपटणाऱ्यांची, 'माझी नाही झालीस तर बघ' म्हणणाऱ्यांची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याकडून मार किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. सांगितलं, बरं का. परक्या बाईनं दारात येऊन विचारल्यावर ज्यांनी तोंड उघडलं, त्या एवढ्या. चारातली एक म्हणजे ही चापट आपल्या ओळखीच्या घरातली आहे.

आता ती घरात येते कुठून ते बघू. एक साधा प्रसंग सांगते. तुम्ही सगळ्यांनी तो कुणाच्या तरी घरी पाहिलेला आहे.

बाप वावरातून येतो. ताट वाढलं जातं. भाकरी जरा गार असते, नाहीतर कालवणात मीठ कमी असतं. बाप ताट भिरकावतो. पितळी भिंतीवर आपटून आवाज होतो, कोरड्यास भुईवर सांडतं. माय काही बोलत नाही. ती खाली बसून पुसून घेते आणि दुसरी भाकरी थापायला लागते. चुलीच्या बाजूला पाच वर्षांचं पोरगं बसलंय. त्यानं काय पाहिलं? ताट फेकलं की गरम भाकरी मिळते. फेकणाऱ्याला कुणी विचारत नाही. ज्याच्यावर फेकलं तो पुसतो. एवढं शिक्षण त्याला एका संध्याकाळी मिळालं, त्यासाठी शाळा लागली नाही.

आठ दिवसांनी ते पोरगं दूध नको म्हणून वाटी भिरकावतं. घरातले हसतात. आजी कौतुकानं म्हणते, 'बापावर गेलं!' भावांनो, त्या हसण्यानं पोराच्या गुणपत्रिकेवर सही होते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली हेच तपासून पाहिलं. तीन ते सहा वर्षांची ७२ लेकरं घेतली. काहींच्या समोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीनं, लाथेनं बडवलं. काहींच्या समोरचा माणूस शांतपणे खेळत बसला. नंतर त्या लेकरांना थोडं चिडवून तशाच बाहुलीपाशी सोडलं. ज्यांनी बडवणं पाहिलं होतं त्यांनी तसंच बडवलं, त्या माणसाचे शब्दसुद्धा तसेच उच्चारले. मारामारीत पोरं पोरींच्या पुढं होती. ती तर परक्या माणसाला काही मिनिटंच पाहत होती. आपल्या घरातलं पोरगं रोजचं पाहतं, अठरा वर्षं पाहतं, आणि पाहतं तेही बापाला.

शेतकऱ्याला यासाठी स्टॅनफर्डची गरज नाही. नवा गोऱ्हा जुवाला लावताना शेजारी कोणता बैल जोडता? जाणता, शांत बैल जोडता. बुजरा नाहीतर मारका बैल जोडला तर गोऱ्हा तेच शिकेल, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. आणि बैल मारका कसा होतो हेही माहीत असतं. सारखा पराणी टोचून, मारून. बैलाचं हे सगळं शहाणपण आखाड्यावरच राहतं, घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

मारण्यावरून निघालंच आहे तर पोराला जो मार बसतो त्याबद्दल बोलू. आपल्याकडं बाप पोराला कासऱ्यानं मारतो, लिंबाच्या झाडाला बांधतो आणि चार माणसांत अभिमानानं सांगतो, 'मी असा वठणीवर आणला.' संयुक्त राष्ट्रांच्या काही संस्थांनी मिळून आशिया आणि प्रशांत महासागराकडच्या सहा देशांत १०,००० हून जास्त पुरुषांना गाठून विचारलं. बांगलादेश होता, श्रीलंका होती, चीन, इंडोनेशिया, कंबोडिया आणि पापुआ न्यू गिनी. २०१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बायकोवर, मैत्रिणीवर हात टाकल्याचं ज्या पुरुषांनी कबूल केलं, त्यांच्यात लहानपणी मार खाल्लेले, छळ सोसलेले, घरात आईला मार खाताना पाहिलेले जास्त निघाले. मार खाल्लेलं पोरगं माराला भिऊन मार सोडून देईल, हा आपला हिशेबच चुकीचा आहे. ते एवढंच शिकतं की जवळच्या माणसाला मारता येतं. ज्याचं आपल्यावर प्रेम आहे असं सांगितलं जातं तोच मारतो, म्हणजे मारणं प्रेमातच बसतं. पुढं तेच वाक्य ते पोरीला ऐकवतं, 'जीव आहे म्हणून तर मारलं.'

त्यात आपण त्याचं रडणंही काढून घेतो. पोरगं पडलं, लागलं, रडलं की ऐकवतो, 'पोरीसारखा काय रडतोस.' दुःख झालं, लाज वाटली, भीती वाटली, हे सांगायची सोय ठेवत नाही. एक राग तेवढा मोकळा ठेवतो. मग विसाव्या वर्षी पोरगी नाही म्हणाली, तर आत जे तुटतं ते बाहेर यायला त्याच्याकडं रागाशिवाय दुसरा दरवाजाच नसतो.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते बहिणीबद्दल. नवरा-बायकोचं सगळे बोलतात. भावाला बहिणीवर आपण काय म्हणून नेमतो, याकडं लक्ष जात नाही.

पोराच्या हुकमतीखाली येणारी पहिली पोरगी म्हणजे त्याची बहीण. दोघांना एकच खेळणं हवं असतं. आपण म्हणतो, 'तू मोठी ना, दे त्याला.' ती धाकटी असली तर म्हणतो, 'तो पोरगा हाय, दे त्याला.' म्हणजे मोठी असो की धाकटी, देणारी तीच. तिनं 'नाही देत' म्हटलेलं त्या घरात एकदाही टिकलेलं नसतं. पोरीचं 'नाही' ही एक पायरी आहे, थोडा जोर लावला की ती ओलांडता येते, हे त्याला वयाच्या सहाव्या वर्षी कळतं.

मग ती एकोणीसची होते, हा चौदाचा. तिला परीक्षेला जिंतूरला नाहीतर सेलूला जायचं असतं. आपण चौदा वर्षांच्या पोराला सोबत धाडतो. राखण म्हणून. जो स्वतः रस्त्यात चुकेल, तो तिचा राखणदार! तिचा फोन कोण तपासतं? हाच. ती कुणाशी बोलली हे बापाला कोण सांगतं? हाच. सांगितलं की शाबासकी मिळते. एखाद्या दिवशी तिला थोबाडीत दिली तर माय म्हणते, 'भाऊच हाय, तिच्या भल्यासाठीच मारलं.' भावांनो, पोरीला दाबात ठेवायचं पाच-सहा वर्षांचं प्रशिक्षण आपण त्याला घरात देतो. पुढं तो परभणीला कॉलेजात जातो, त्याला एखादी पोरगी आवडते, तिलाही तो आवडतो. तो काय करतो? शिकलेलं तेच करतो. फोनचा पासवर्ड माग, ऑनलाइन दिसलीस तर कुणाशी बोलत होतीस विचार, अमक्या रंगाचा ड्रेस घालू नको म्हण. तिनं ऐकलं नाही की चापट. त्याच्या मनाला विचाराल तर तो वाईट वागत नसतो, तो काळजी घेत असतो. राखण आणि प्रेम यांतला फरक त्याला कुणी दाखवलेलाच नाही.

आणि याची किंमत कोण भरतं? पोराचा बाप भरत नाही. एखादं पोरगं पोरीच्या मागं लागलं की शाळा पोरीची बंद होते. पोरगं मोटारसायकलवर फिरतच राहतं. पोरीचा बाप घाबरून सोळा-सतराव्या वर्षी तिचे हात पिवळे करून मोकळा होतो. त्याच सर्वेक्षणात आपल्या परभणी जिल्ह्याचा आकडा आहे. २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये ४८ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. राज्यात हा आकडा २२ च्या आसपास होता. आपण राज्याच्या दुपटीवर. याला गरिबी आहे, ऊसतोडीला जाणं आहे, हुंडा आहे, पण 'पोरीची जात, काही बरंवाईट झालं तर' ही भीतीसुद्धा आहे. आणि ती भीती कुठल्या लांडग्याची नाही, आपल्याच गावच्या पोरांची आहे. मग ती सतरा वर्षांची पोर ज्या घरात जाते तिथं तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, बहिणीवर सराव झालेला नवरा असतो. तिचं 'नाही' तिथं किती टिकेल, तुम्हीच सांगा.

आता आपल्या सभेत नेहमी येणारा मुद्दा. सगळ्याचं मूळ शेतीमालाच्या भावात आहे. कापसाला भाव नाही, डोक्यावर कर्ज, म्हणून माणूस पितो, चिडतो, मारतो. भाव द्या, घर सुधारेल.

हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. घरात पैसा नसला की कटकट वाढते, हे मला कुणी शिकवायला नको. पण दोन गोष्टींचा विचार करा. पहिली अशी. कापसाला मातीमोल भाव दिला व्यापाऱ्यानं. कर्जासाठी सहा चकरा मारायला लावल्या बँकेच्या साहेबानं. पंचनाम्याला आलाच नाही तो कर्मचारी. दिवसभर या सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिलेला माणूस संध्याकाळी हात उगारतो तो घरात. राग भावामुळं आला असेल, कबूल. पण तो कुणावर काढायचा हे भावानं ठरवलेलं नाही. जिथं उलटून मार बसणार नाही अशी जागा त्यानं बरोबर निवडली, आणि ती जागा त्याच्या बापानं त्याला दाखवून ठेवलेली होती. ज्याला व्यापाऱ्यासमोर राग आवरता येतो, त्याला राग आवरतच नाही हे मी मानत नाही.

दुसरी गोष्ट. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात भाव १०,००० च्या वर गेला. आपल्या पिढीनं असा भाव पाहिला नव्हता. त्या वर्षी मी ज्या बायांबरोबर वेचणीला जात होते, त्यांच्या अंगावरचे वळ कमी झालेले मला दिसले नाहीत. भाव पाहिजेच, त्यासाठी आपण लढतो आहोत, पुढंही लढू. पण भावाची वाट बघत हा प्रश्न बांधावर ठेवता येणार नाही.

इथं एक गैरसमज होऊ देऊ नका. बाप मारकुटा म्हणजे पोरगंही मारकुटं निघणार, असा काही नियम नाही. त्या सहा देशांच्या पाहणीतून शक्यता वाढते एवढंच कळतं. तशा घरात वाढूनही हात न उगारणारे कितीतरी आहेत. मी अशा दोन-तीन घरांत जाऊन बसले आहे. एका घरात आजोबा होता. मुलानं सुनेवर हात उगारला की म्हातारा काठी टेकत मध्ये येऊन उभा राहायचा आणि नातवाला ऐकू जाईल असं म्हणायचा, 'हे चुकीचं आहे.' त्याच्यानं थांबायचं नाही दर वेळी. पण नातवाच्या कानावर ते पडत होतं. दुसऱ्या घरात मामा होता. जे चाललंय ते बरोबर नाही, असं मोठ्यानं म्हणणारं एक माणूस पोराला मिळालं तर खूप फरक पडतो, असं माझं पाहणं आहे. जिथं मारही असतो आणि सगळे गप्पही असतात, तिथं पोरगं समजतं की जग असंच असतं.

पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला एक पोरगा नकार दिलेल्या मुलीच्या मागं कोयता घेऊन धावला. रस्त्यावर माणसं होती. तो कोयता धरला, तिला वाचवलं, ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी. त्यातला एक सोलापूर जिल्ह्यातून आलेला. कोयता उगारणाराही तरुण आणि धरणाराही तरुण. तरुण पोरं म्हटलं की एकाच मापानं मोजू नका.

मायबहिणींनो, आता जरा तुमच्याकडं वळते. असं भाषण झालं की शेवटी सगळं आईच्या माथी येतं. 'आईचे संस्कार कमी पडले.' मला ते मान्य नाही. ताट फेकतो एक आणि संस्कार कमी पडले दुसरीचे, हा कुठला न्याय? पण एवढं आपल्या हातात आहे की पोरानं वाटी फेकली तर हसायचं नाही. त्याची वाटी त्यालाच उचलायला लावायची. जेवल्यावर ताट त्यानंच उचलायचं, बहिणीचंही उचलायचं. छोटी गोष्ट आहे. करून बघा, घरात केवढा गोंधळ उडतो ते कळेल.

आणि ज्या बहिणींचे नवरे गेले, आत्महत्या करून गेले, आपल्या जिल्ह्यात अशा घरांची कमी नाही, त्यांना भाऊबंद सतत ऐकवतात, 'बापाचा धाक नाही, पोरगं वाया जाणार.' त्यांना मी यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीचं सांगते. राळेगावजवळ आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं. रामानं टाकल्यावर ती तिथं राहिली, गावात मूठभर गहू मागितले ते कुणी दिले नाहीत, असं तिथले लोक सांगतात. शरद जोशींनी त्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी खटपट केली. लवकुशांना त्या एकटीनं वाढवलं, ही कथा ऐकताना 'बापाचा धाक नव्हता' असं कुणी म्हणत नाही. पोराला धाक लागत नाही. न मारता राहणारं एखादं माणूस जवळ लागतं.

पण नुसत्या शिकवणीनं होणार नाही. पोरगं ऐकतं त्यापेक्षा बघतं जास्त. आणि घरात ते काय बघतं? पऱ्हाटीत वाकून कापूस वेचते माय. थंडीत बोटं फाटतात तिची. काट्यावर उभा राहतो बाप. पट्टी फाटते बापाच्या नावानं, पैसे जमा होतात ज्याचा सातबारा त्याच्या खात्यावर. ज्वारी काढायला, कणसं खुडायला माय, आणि ज्वारी विकायची की ठेवायची हे ठरवणार बाप. ज्या माणसाच्या नावावर काहीच नाही, त्या माणसाच्या शब्दाला वजन नाही, हे लेकराला कुणी सांगावं लागत नाही.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा या अभ्यासकांनी लग्न झालेल्या बायकांची पाहणी केली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्यात हे प्रमाण १८ टक्के, घर होतं त्यांच्यात १० टक्के, आणि दोन्ही होतं त्यांच्यात ७ टक्के. उपदेशानं एवढा फरक पडलेला मी तरी कुठं पाहिला नाही. हातात सातबारा असलेली बाई मुळात कमी मार खाते, आणि वेळ आली तर जायला तिला जागा असते. तिचं पोरगं मग जे बघतं ते वेगळं असतं.

आपल्या चळवळीनं हे केरळच्या पाहणीच्या आधी ओळखलं होतं. लक्ष्मीमुक्ती. ज्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुरुषांनी आपण होऊन, कायद्याच्या सक्तीशिवाय ते केलं. तेव्हा काही जण हसत होते, बायकोला जमीन दिली तर ती माहेरी घेऊन जाईल म्हणत होते. वावर काही पदरात बांधून नेता येत नाही, हे त्यांना कुणी सांगावं! त्यावेळी घरात बघत बसलेली पोरं आज चाळिशीची आहेत, त्यांची पोरं आज लग्नाला आली आहेत. मला वाटतं हे काम आपण मध्येच सोडलं. बायकोला तिचं देणं म्हणून तर जमीन द्यायचीच, पण पोराच्या डोळ्यांसमोर द्यायची. त्याला तलाठ्याकडं सोबत न्यायचं.

कायद्याचं दोन शब्दांत सांगते. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो फक्त लग्नाच्या बायकोपुरता नाही, आई, बहीण, लग्नासारखं सोबत राहणारी बाई यांनाही आहे. १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आहे, आज लिहून घ्या आणि पोरींच्या वहीत लिहून द्या. पोरगी नको म्हणत असताना तिच्या मागं फिरणं, सारखे मेसेज करणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, हे मात्र पोरांच्या वहीत लिहून द्या.

पोरांशी कसं बोलायचं हा अवघड भाग आहे. मुंबईत १९९३ पासून 'मावा' नावाची संस्था काम करते, अत्याचाराच्या विरोधात पुरुषांनीच काढलेली. तरुण पोरांना एकत्र बसवून प्रेम, नकार, मारहाण यांवर मोकळं बोलू देतात. आपल्या गावात असं काही नाही. पण तालीम आहे, क्रिकेटचा संघ आहे, भजनी मंडळ आहे. पोरगं ज्याला मानतं तो माणूस तिथं असतो. त्यानं एकदा सांगितलं, 'नाही म्हणाली ना, विषय संपला, चल नांगरटीला,' तर माझ्या भाषणापेक्षा ते जास्त चालेल. ज्या पोराला नकार मिळाला त्याला त्या आठवड्यात एकटं सोडू नका. मित्रांनीही 'सोडू नकोस तिला' असं चढवू नये. आणि बापानं, ज्याला कधी जमलं नाही त्यानंही, शेजारी बसून विचारावं, 'वाईट वाटलं का रे?' उत्तर येणार नाही. विचारून ठेवावं.

मी दहा मिनिटं जास्त घेतली, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. एकच काम सांगून थांबते. बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायला नवऱ्यानं तहसीलदाराकडं अर्ज करायचा, यासाठी सरकारचं १९९२ चं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक आहे. त्या अर्जाचे नमुने मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहेत, तिथं आपली दोन पोरं भरून द्यायला बसली आहेत. गट नंबर पाठ असेल तर आताच भरून होईल, नसेल तर अर्ज घरी न्या आणि पोराकडून भरून घ्या. पुढच्या महिन्याच्या बैठकीला किती अर्ज तहसीलला गेले ते गाववार विचारणार आहे.